लिनक्सचा ड्रायव्हर कर्नल ६.१ वरून ६.६ वर नेला आणि पेज सुटेनाशी झाली: पुट_पेज की अनपिन?

पवई_पूर्व (शुक्रवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. लिनक्सवरचा आउट-ऑफ-ट्री (मूळ कर्नल सोर्सच्या बाहेरचा) ड्रायव्हर आहे. युजर कॅरॅक्टर डिव्हाइस उघडतो, त्यावर रीड-राइट करतो, आणि खाली एनव्हीएमई डिस्ककडे थेट बायो (ब्लॉक लेयरची आयओ विनंती) जातो. मधे कुठेच पेज कॅश नाही. युजरचा बफर ‘बायो_आयओव्ही_इटर_गेट_पेजेस’ने बायोला लावतो, ‘सबमिट_बायो’ करतो, आणि एंड_आयओमध्ये (आयओ संपल्यावरच्या कॉलबॅकमध्ये) ‘बायो_फॉर_ईच_सेगमेंट_ऑल’ फिरवून प्रत्येक पेजवर ‘पुट_पेज’ मारतो. मेटाडेटाची पेज ड्रायव्हर स्वतः ‘अलॉक_पेज’ने घेतो, पण एंड_आयओ तोच.

६.१ वर हे नीट चालत होतं. तोच सोर्स ६.६ वर एकाही वॉर्निंगशिवाय बिल्ड झाला आणि आता तीन गोष्टी दिसतायत.

एक, एफआयओ (डिस्क टेस्टचं टूल), ४ केबी रँडम रीड, आयओडेप्थ ३२, साधारण १०,००० आयओपीएस. पावणेदोन-दोन तासांनी प्रत्येक रीड ‘ईनोमेम’ (मेमरी नाही) एरर देऊन पडतं. ‘फ्री’मध्ये मात्र ढीगभर मेमरी मोकळी. डीमेसेजमध्ये (कर्नल लॉगमध्ये) जीयूपीच्या (‘गेट_युजर_पेजेस’च्या) फाइलमधली एकच वॉर्निंग, पुन्हा येत नाही.

दोन, ‘डीडी’ला बीएस=१एम आणि आयफ्लॅग=डायरेक्ट देऊन शेल लूपमध्ये फिरवलं तर प्रत्येक फेरीला १ एमबी मेमरी जाते. प्रोसेस संपली तरी परत येत नाही.

तीन, बीएस=४एम केलं तर ४ एमबी जायला हवी, पण जेमतेम निम्मी जाते. टीएचपी (आपोआप ह्यूज पेज देणारी सोय) ‘ऑलवेज’वर आहे, त्याचा संबंध असेल का?

स्लॅबटॉप स्वच्छ, केमेमलीक गप्प. मशिन ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये आहे आणि रविवारी ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक, त्यामुळे रिमोटवरून जमेल असंच सांगा.

---

माटुंगा_कर्नल (शुक्रवार, रात्री ११:२५)

केमेमलीक गप्पच राहणार. ते स्लॅब, व्हीमॅलॉक वगैरेंवर लक्ष ठेवतं, पेज अलोकेटरकडून थेट घेतलेली पेज त्याच्या हिशेबात नसतात. ते बाजूला ठेवा.

तुमची तिन्ही लक्षणं १०२४ या एका आकड्यातून निघतात. ६.१ मध्ये ‘बायो_आयओव्ही_इटर_गेट_पेजेस’ युजरच्या पेजवर साधा रेफरन्स घ्यायचं, म्हणजे रेफकाउंट (पेज किती जणांनी धरलंय तो आकडा) १ ने वाढायचा, आणि तुमचा ‘पुट_पेज’ तो १ उतरवायचा. ६.६ मध्ये तेच फंक्शन आतून ‘आयओव्ही_इटर_एक्स्ट्रॅक्ट_पेजेस’ वापरतं आणि युजरची पेज पिन करतं. साध्या ४ केबी पेजला पिन लागली की रेफकाउंट १०२४ ने वाढतो. तुम्ही १ उतरवता, १०२३ तसेच राहतात. फंक्शनचं नाव तेच, आर्ग्युमेंट्स तीच, म्हणून कंपायलर तक्रार करत नाही. करार तेवढा बदललाय.

आता तुमच्या एफआयओचा हिशेब. ३२ बफर, तेच पुन्हा पुन्हा वापरले जातात. १०,००० भागिले ३२ म्हणजे एका पेजवर सेकंदाला सुमारे ३१२ पिन, आणि दर पिनमागे १०२३ शिल्लक. रेफकाउंट हा साइन्ड (धन-ऋण चिन्ह असलेला) ३२ बिटांचा आकडा, म्हणजे २१४ कोटी ७४ लाखांच्या पुढे तो ऋण होतो. त्याला लागतात सुमारे २१ लाख पिन, म्हणजे ६,७०० सेकंदांच्या आसपास. तेच तुमचे पावणेदोन-दोन तास. रेफकाउंट ऋण दिसला की जीयूपी नवा रेफरन्स द्यायला नकार देतं आणि ‘ईनोमेम’ परत करतं. मेमरी संपली असा त्याचा अर्थ नाही. वॉर्निंग ‘वॉर्न_ऑन_वन्स’ची आहे, म्हणून एकदाच. ही अडवणूक नसती तर काउंट फिरून शून्यावर आला असता आणि वापरातलं पेज दुसऱ्याच कुणाला दिलं गेलं असतं. त्यामानाने ‘ईनोमेम’ बरा.

डीडीत प्रत्येक प्रोसेसचा बफर नवा. १ एमबी म्हणजे २५६ पेज. प्रोसेस गेली, मॅपिंग गेलं, पण प्रत्येक पेजवर १०२३ उरले. शून्यावर येत नाही तोवर ते पेज फ्री लिस्टमध्ये जात नाही.

बीएस=४एमचं कारण टीएचपीच. मोठ्या फोलिओला (अनेक पेजच्या गठ्ठ्याला) पिनचा वेगळा काउंटर असतो. पिन घेतली की रेफकाउंट १ ने आणि पिनकाउंट १ ने वाढतो, १०२४ चा गुणाकार तिथे नाही. तुमचा ‘पुट_पेज’ रेफकाउंटचा १ बरोबर उतरवतो, त्यामुळे २ एमबीचं ह्यूज पेज वेळेवर सुटतं. पिनकाउंट मात्र उरतो. ४ एमबीच्या बफरमध्ये २ एमबीच्या सीमेवर बसणारा एक तुकडा हमखास असतो, तो वाचतो, बाकीचा गळतो. ‘कॉन्फिग_डीबग_व्हीएम’ चालू करून तोच टेस्ट चालवा, ‘बॅड पेज स्टेट’ आणि कारण म्हणून ‘नॉनझिरो पिनकाउंट’ दिसेल. म्हणजे चूक तीच, पण एका आकाराच्या पेजला मेमरी गळते आणि दुसऱ्याला काहीच दिसत नाही. टीएचपी ‘ऑलवेज’ ठेवून मोठ्या बफरने टेस्ट करणाऱ्यांना हा बग म्हणूनच भेटत नाही.

---

ठाणे_स्लो (शुक्रवार, रात्री ११:५८)

वरचं निदान मान्य, पण कोड बदलण्याआधी मोजून बघा. सगळं एसएसएचवरून होतं.

पहिलं, ‘/प्रोक/व्हीएमस्टॅट’मध्ये ‘एनआर_फॉल_पिन_अक्वायर्ड’ आणि ‘एनआर_फॉल_पिन_रिलीज्ड’ असे दोन आकडे आहेत. आयओ चालू असताना त्यांच्यात फरक असणारच. सगळं थांबवा, म्हणजे खरोखर सगळं: आरडीएमए किंवा आयओ_यूरिंगचे रजिस्टर केलेले बफर असतील तर तेही सोडवा. मग दोन्ही आकडे समान हवेत. तुमच्याकडे अक्वायर्ड पुढे असेल आणि डीडीच्या प्रत्येक १ एमबी रीडमागे फरक २५६ ने वाढेल.

दुसरं, मेमइन्फो. ‘अ‍ॅक्टिव्ह(अ‍ॅनॉन)’ अधिक ‘इनॅक्टिव्ह(अ‍ॅनॉन)’ एकीकडे आणि ‘अ‍ॅनॉनपेजेस’ अधिक ‘श्मेम’ दुसरीकडे ठेवून बघा. मॅपिंग सुटलं की पेज ‘अ‍ॅनॉनपेजेस’मधून वजा होतं, पण एलआरयू यादीतून (वापराच्या क्रमाने पेज ठेवणारी यादी) ते शेवटचा रेफरन्स सुटल्यावरच निघतं. त्यामुळे अशा गळतीत पहिली बेरीज दुसरीच्या खूप पुढे पळते. स्वॅप असेल तर स्वॅपकॅशमुळे थोडा फरक पडतो, तो जमेला धरा. कंटेनरमध्ये टेस्ट चालवत असाल तर सीग्रुपचा चार्जही पेज फ्री होईपर्यंत उतरत नाही, ‘सीग्रुप.स्टॅट’मध्ये ‘एनआर_डाइंग_डिसेंडंट्स’ चढत जाईल.

तिसरं, पक्का पुरावा. ‘कॉन्फिग_डीबग_पेज_रेफ’ घालून कर्नल बिल्ड करा. मग ट्रेसएफएसमध्ये ‘पेज_रेफ’ नावाचा इव्हेंट गट येतो. एका पेजचा पीएफएन (फिजिकल पेजचा क्रमांक) ‘/प्रोक/पीआयडी/पेजमॅप’मधून काढा (रूट नसाल तर पीएफएनच्या जागी शून्य मिळतं), तो फिल्टरमध्ये द्या आणि स्टॅकट्रेस चालू करा. फिल्टर न लावता हे इव्हेंट चालू करू नका, प्रत्येक पेजचा प्रत्येक चढ-उतार नोंदला जातो आणि हवी ती ओळ बफरमधून वाहून जाते. ६.६ वर फास्ट पाथमध्ये आधी +१, लगेच +१०२३ दिसेल. स्लो पाथने गेलं तर एकदम +१०२४. शेवटी तुमच्या एंड_आयओच्या स्टॅकसकट -१. बरोबर कोड असेल तिथे ‘पेज_रेफ_मॉड_अँड_टेस्ट’मध्ये -१०२४ यायला हवं.

आणि ‘/प्रोक/केपेजकाउंट’ बघत बसू नका. नाव फसवं आहे, तिथे मॅपकाउंट मिळतो, रेफकाउंट नाही. मॅपिंग सुटलेल्या गळक्या पेजला तिथे शून्यच दिसेल.

---

गिरगावकर (शनिवार, सकाळी ८:१५)

एवढा खटाटोप कशाला? ‘गेट_युजर_पेजेस_फास्ट’ स्वतः मारायचं, बायोमध्ये ‘बायो_अ‍ॅड_पेज’ने घालायचं, आणि शेवटी ‘पुट_पेज’ आहे तसंच ठेवायचं. जुना हिशेब, एकास एक.

---

माटुंगा_कर्नल (शनिवार, सकाळी ९:०५)

गिरगावकर, हिशेब जुळेल हो, पण डेटा जाईल. विंडो सीटवर रुमाल टाकणं आणि स्वतः जाऊन बसणं यात जेवढा फरक, तेवढा गेट आणि पिनमध्ये आहे. साधा रेफरन्स एवढंच सांगतो की हे पेज फ्री करू नका. पिन सांगते की या पेजच्या आत कुणीतरी आत्ता लिहितंय किंवा वाचतंय. कर्नलच्या बाकी भागांना ही दुसरी गोष्ट कळणं गरजेचं आहे.

उदाहरण घ्या. एक थ्रेड डायरेक्ट रीड करतोय, डीएमए (डिव्हाइसचं थेट मेमरीत लिहिणं) चालू आहे. त्याच वेळी दुसऱ्या थ्रेडने फोर्क केला. अ‍ॅनॉन (फाइलशी न जोडलेलं) पेज आता आई-मुलात वाटलं गेलं आणि दोन्हीकडे रीड-ओन्ली झालं. आईने त्याच पेजवर डीएमएच्या बाहेरच्या चार बाइट लिहिल्या, कॉपी-ऑन-राइट झालं, आईला नवी प्रत मिळाली. डिस्कचा डेटा जुन्या प्रतीत उतरला. रीड यशस्वी, बफरमध्ये मात्र जुनाच मजकूर. ओपनच्या मॅन पेजमध्ये ओ_डायरेक्ट आणि फोर्क एकत्र चालवू नका असा इशारा आहे, त्याचं मूळ हेच. पिन घेतलेली असेल तर फोर्क ते पेज वाटत नाही, मुलासाठी तिथल्या तिथे प्रत काढतो.

साध्या पेजवर पिन आहे की नाही हे ‘रेफकाउंट १०२४ किंवा जास्त आहे का’ एवढ्यावरच ठरतं. एखाद्या पेजवर खरोखर हजारावर साधे रेफरन्स असतील तर ते चुकून पिन केलेलं वाटेल. चालतं, एखादी प्रत जास्त निघते. उलट चूक, म्हणजे पिन असून ती न दिसणं, परवडत नाही. तुमच्या सल्ल्याने नेमकं तेच होतं.

फाइलचं एममॅप बफर म्हणून दिलं तर आणखी एक घोळ. राइटबॅकने पेज स्वच्छ केलं, फाइलसिस्टिमने बफर हेड काढून टाकले, आणि त्यानंतर डीएमए संपून तुम्ही ‘सेट_पेज_डर्टी’ केलंत. फाइलसिस्टिमच्या दृष्टीने ते पेज डर्टी असायला नको होतं. एक्स्ट४ मध्ये अशा पेजवरून बग_ऑनपर्यंत मजल गेलेली आहे. पिनमुळे हा प्रश्न पुरता मिटला असं नाही, पण पेज कुणाच्या हातात आहे हे निदान ओळखता येतं. ‘पिन_युजर_पेजेस’ ५.६ मध्ये आलं ते याच गोष्टींसाठी.

---

पवई_पूर्व (शनिवार, दुपारी १:३०)

ठाणे_स्लो, आकडे तुम्ही म्हणालात तसेच निघाले. फरक प्रत्येक डीडीमागे २५६.

एंड_आयओत ‘पुट_पेज’च्या जागी ‘अनपिन_युजर_पेज’ टाकलं. एफआयओ ठणठणीत, डीडीची गळती बंद. पण आता निवांत मशिनवर ‘रिलीज्ड’ हा आकडा ‘अक्वायर्ड’च्या पुढे जातोय, आणि मेमरी पुन्हा हळूहळू कमी होतेय. एफआयओ बंद असतानाही.

---

माटुंगा_कर्नल (शनिवार, दुपारी २:२०)

रिलीज्ड पुढे जातोय म्हणजे जी पिन घेतलीच नव्हती ती सोडली जातेय. मेटाडेटा बघा. ‘अलॉक_पेज’ने आलेल्या पेजचा रेफकाउंट १, त्यावर ‘अनपिन’ने १०२४ वजा, उरले -१०२३. ते शून्य नाही, म्हणून पेज फ्री होत नाही. कर्नल आवाजही करत नाही, कारण तपासणी अ‍ॅनॉन पेजसाठी आहे आणि हे पेज अ‍ॅनॉन नाही.

पेज कसं सोडायचं हे पेज बघून ठरवता येत नाही, ते कसं मिळवलं त्यावरून ठरतं. ती नोंद बायोच्या ‘बायो_पेज_पिन्ड’ या फ्लॅगमध्ये आधीच असते. ‘बायो_आयओव्ही_इटर_गेट_पेजेस’ युजरचा इटर (बफरच्या तुकड्यांवर फिरणारी रचना) असेल तरच तो लावतं. केव्हेक किंवा बीव्हेक इटरवर पिनही नाही आणि रेफरन्सही नाही, ती पेज जिवंत ठेवणं ही पाठवणाऱ्याची जबाबदारी. तेव्हा तुमचा लूप काढून टाका आणि ‘बायो_रिलीज_पेजेस’ बोलवा. फ्लॅग नसेल तर ते काहीच करत नाही. मेटाडेटाची पेज तुमच्या प्रायव्हेट स्ट्रक्टमधून ‘__फ्री_पेज’ने वेगळी सोडा.

एकाच सोर्समधून ६.१ आणि ६.६ दोन्ही बिल्ड करत असाल तर इथे सापळा आहे. ६.१ मध्ये फ्लॅग उलट्या अर्थाचा होता, ‘बायो_नो_पेज_रेफ’. तो नसेल तर ‘बायो_रिलीज_पेजेस’ रेफरन्स उतरवतं. म्हणजे मेटाडेटाच्या बायोवर ६.६ मध्ये निरुपद्रवी असलेला तोच कॉल ६.१ मध्ये पेज फ्री करेल, आणि वर तुमचा ‘__फ्री_पेज’ दुसऱ्यांदा. दोन्हीकडे चालायला हवं असेल तर कॉल फक्त युजरच्या बायोवर ठेवा.

स्वतःचा लूप ठेवायचाच हट्ट असेल तर त्यात काय काय चुकतं ते सांगतो, कारण रिव्ह्यूत हे सारखं दिसतं.

एंड_आयओमध्ये ‘_ऑल’ नसलेला ‘बायो_फॉर_ईच_सेगमेंट’ वापरला की तो बीआय_इटरवर (बायोचा किती भाग उरलाय त्या नोंदीवर) चालतो. रिक्वेस्ट पूर्ण होताना ब्लॉक लेयरने तो पुढे सरकवलेला असतो, शिल्लक आकार शून्य. लूप एकदाही फिरत नाही, एकही पेज सुटत नाही. तुम्ही ‘_ऑल’ वापरलंत ते बरोबर होतं.

बीआय_आयओ_व्हेकच्या अ‍ॅरेवर स्वतः इंडेक्स फिरवून ‘बीव्ही_पेज’ सोडणं हे त्याहून वाईट. ५.१ पासून एका बीव्हेकमध्ये (बायोमधल्या मेमरीच्या एका नोंदीत) सलग अनेक पेज असू शकतात. फिजिकली शेजारची पेज मिळाली की ती एकत्र होतात आणि तुम्ही फक्त पहिलं सोडता. ताज्या बूटवर मेमरी सलग असते तेव्हा गळती जास्त, तुकडे झाल्यावर कमी. असा उलटा वागणारा बग शोधायला फार त्रास देतो.

एकाच पेजमधले दोन तुकडे आयओव्हेकच्या दोन नोंदींत आले तर पिन दोनदा लागते, पण बायोमध्ये ते एकच सलग तुकडा म्हणून जोडले जाऊ शकतात. मग सोडताना एकदाच सुटतं. कर्नलचा स्वतःचा कोड जोडतानाच हे ओळखून जास्तीची पिन तिथेच सोडतो. स्वतः ‘पिन_युजर_पेजेस_फास्ट’ आणि ‘बायो_अ‍ॅड_पेज’ लिहिणारे हे विसरतात.

क्लोन केलेल्या बायोवर रिलीज कधीच नाही. क्लोन आईचंच बीव्हेक टेबल वापरतो. पिन एकदा, सोडणं एकदा, तेही मूळ बायोवर.

आणि एररच्या वाटेवरचं सोडणं. पेज मिळाली, पण ‘सबमिट_बायो’च्या आधीच काहीतरी फसलं, तर नुसतं ‘बायो_पुट’ पुरत नाही. ‘बायो_पुट’ बायो सोडतं, पेज नाही. आधी ‘बायो_रिलीज_पेजेस’, मग ‘बायो_पुट’.

---

ठाणे_स्लो (शनिवार, दुपारी ३:१०)

डर्टी करणं राहिलं. रीड म्हणजे डिव्हाइस पेजवर लिहितं, तेव्हा सोडण्यापूर्वी पेज डर्टी व्हायला हवं, नाहीतर एममॅप फाइलच्या पेजमधला नवा डेटा रिक्लेममध्ये चक्क फेकला जाईल. पण एंड_आयओ सहसा इंटरप्ट कॉन्टेक्स्टमध्ये चालतो आणि ‘सेट_पेज_डर्टी_लॉक’ झोपू शकतं. म्हणून दोन टप्पे आहेत: सबमिटच्या आधी ‘बायो_सेट_पेजेस_डर्टी’, आणि एंड_आयओमध्ये ‘बायो_चेक_पेजेस_डर्टी’. मधल्या काळात राइटबॅकने एखादं पेज स्वच्छ केलं असेल तर दुसरं फंक्शन काम वर्कक्यूकडे सोपवतं, नाहीतर तिथेच पेज सोडतं. लक्षात ठेवा, ते शेवटी बायोचं ‘पुट’ही करतं. त्यानंतर तुम्ही ‘बायो_पुट’ केलंत की दुहेरी. त्या ओळीनंतर बायोला हात लावायचा नाही, त्यातलं काही हवं असेल तर आधी काढून घ्या.

आणखी एक, जे तुमच्या जुन्या कोडवर कधीही फुटलं असतं. ६.५ पासून शून्य-पेजला पिन लागतच नाही. युजरने एममॅप केलेला, कधी न लिहिलेला बफर थेट राइटला दिला तर त्याच्या मागे सगळीकडे कर्नलचं एकच शून्य-पेज असतं. ‘अनपिन’ला हे ठाऊक आहे, ते त्याला सोडून देतं. ‘पुट_पेज’ला ठाऊक नाही. न घेतलेला रेफरन्स उतरतो आणि सगळ्या प्रोसेसना सामायिक असलेलं पेज फ्री व्हायला निघतं. तुमच्या टेस्ट रीडच्या होत्या म्हणून तुम्हाला ते दिसलं नाही. टेस्टमध्ये ही केस मुद्दाम घाला: अ‍ॅनॉनिमस एममॅप, एकही बाइट न लिहिता राइट.

---

पवई_पूर्व (शनिवार, रात्री ९:४५)

‘बायो_रिलीज_पेजेस’वर आणलं, मेटाडेटा वेगळा केला. निवांत मशिनवर अक्वायर्ड आणि रिलीज्ड तंतोतंत समान. शून्य-पेजची केसही पास.

याच ड्रायव्हरमध्ये एक आयऑक्टल (ड्रायव्हरला थेट आज्ञा देणारा कॉल) येणार आहे. युजर ६४ एमबीचा बफर एकदा रजिस्टर करेल आणि फाइल बंद होईपर्यंत डिव्हाइस तोच वापरेल. ‘पिन_युजर_पेजेस_फास्ट’ला ‘फॉल_राइट’ देऊन भागेल ना?

---

माटुंगा_कर्नल (शनिवार, रात्री १०:३०)

नाही, ‘फॉल_लाँगटर्म’ही हवा. एका रीडपुरती पिन काही मिलिसेकंदांची, तिथे हा फ्लॅग देऊ नका. पण सत्रभर पकडून ठेवायचं तर हवाच. पेज मूव्हेबल झोन किंवा सीएमएमध्ये (सलग मेमरीसाठी राखलेल्या भागात) असेल तर तो फ्लॅग पिन करण्याआधी ते तिथून हलवतो. नाहीतर तुमची १६,३८४ पेज तिथे ठाण मांडून बसतात आणि मेमरी हॉटप्लग किंवा सीएमएचं अलोकेशन अडतं. एफएस-डॅक्सच्या (पेज कॅशशिवाय थेट मॅप केलेल्या फाइलच्या) मॅपिंगवर लाँगटर्म पिन नाकारली जाते. आयऑक्टलने तो एरर जसाच्या तसा युजरला द्यावा, फ्लॅग काढून पुन्हा प्रयत्न करणं ही पळवाट काढू नका.

पॉइंटरांचा अ‍ॅरेच १२८ केबीचा होतो, तेव्हा ‘केमॅलॉक’ऐवजी ‘केव्हीमॅलॉक_अ‍ॅरे’. पेजची संख्या काढताना ऑफसेट धरा: ६४ केबीचा बफर पेजच्या आत ५१२ बाइटवर सुरू झाला तर १६ नाही, १७ पेज लागतात. आणि फंक्शन मागितल्यापेक्षा कमी पेज परत देऊ शकतं. मिळालेली आधी ‘अनपिन_युजर_पेजेस’ने सोडा, मग एरर. परतीचा आकडा साइन्ड इंटमध्ये ठेवा आणि ऋण आहे का ते आधी तपासा. अनसाइन्ड संख्येशी थेट तुलना केलीत तर -१४ हा भला मोठा आकडा होतो आणि ‘सगळी मिळाली’ असं वाटतं.

मेमरीचा हिशेब पिन फंक्शन ठेवत नाही, ड्रायव्हरने ठेवायचा. ‘अकाउंट_लॉक्ड_व्हीएम’ वापरा. ५.१६ पासून मेमलॉकची डीफॉल्ट मर्यादा ८ एमबी आहे, आधी ६४ केबी होती. म्हणजे तुमच्या ६४ एमबीला साध्या युजरकडे मर्यादा वाढवलेली लागेल, ते इन्स्टॉलच्या कागदात लिहा. ज्या एमएमवर (प्रोसेसच्या मेमरीच्या स्ट्रक्टवर) चार्ज लावला त्याच एमएमवर तो उतरायला हवा. फाइल डिस्क्रिप्टर दुसऱ्या प्रोसेसकडे गेलेला असू शकतो, म्हणून रजिस्टर करताना ‘एमएमग्रॅब’ करून पॉइंटर ठेवा. रिलीजमध्ये तिथल्या ‘करंट’वर विसंबू नका.

---

ठाणे_स्लो (रविवार, सकाळी ७:५०)

त्यात एवढं जोडा: सोडताना आधी डिव्हाइसचा डीएमए थांबल्याची खात्री, मग डीएमए अनमॅप, मग ‘अनपिन_युजर_पेजेस_डर्टी_लॉक’. हा क्रम उलटला तर पेज दुसऱ्याच्या हातात गेल्यावरही डिव्हाइस त्यावर लिहीत राहील. आयओएमएमयू (डिव्हाइसच्या मेमरी-प्रवेशावर पहारा ठेवणारं हार्डवेअर) चालू असेल तर फॉल्ट तरी दिसेल, नसेल तर काहीच दिसणार नाही.

युजरने रजिस्टर केलेला बफर मनमॅप केला तरी पिन तशीच राहते. त्याच पत्त्यावर नवा एममॅप केला तर त्याला नवी पेज मिळतात, डिव्हाइस मात्र जुन्याच पेजवर लिहितं. हा ड्रायव्हरचा बग नाही, पण तिकीट तुमच्याकडेच येईल. आयऑक्टलच्या वर्णनात ठळक लिहा. आणि युजर लायब्ररीत त्या बफरवर ‘एमअ‍ॅडव्ह_डोन्टफोर्क’ लावा, नाहीतर कुठेही ‘फोर्क()’ झाला की कर्नलला ६४ एमबीची प्रत तिथल्या तिथे काढावी लागेल.